‘हायपो’मधला ‘हाय’ नेमका कोणाचा?

वाचक भगिनीचे पत्र:

“मी केज तालुक्यातील एका खेड्यातली असून लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. बारावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. मागील महिन्यात ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरांना रुग्णाची माहिती देत असताना मी ‘हायपोग्लायसेमिया’ (रक्तातील साखर कमी होणे) म्हणायच्या ऐवजी ‘हायपर’ म्हणून बसले. त्यांनी कागदावरचा आकडा पाहून चूक तिथेच दुरुस्त केली आणि रुग्णाला काहीही झाले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. ‘हाय बीपी’ म्हणजे वाढलेले बीपी, मग ‘हायपो’मध्ये ‘हाय’ असूनही त्याचा अर्थ ‘कमी’ कसा? कितीही पाठ केले तरी ऐन वेळी उलटेच तोंडी येते. हा शब्द मूळचा कुठला, त्याचा खरा अर्थ काय, वॉर्डात फरशी पुसायच्या औषधालाही ‘हायपो’ का म्हणतात, आणि मराठी माध्यमातल्या मुलीने हा मार्ग सोडून द्यावा का, हे कृपया सांगावे. मला अडणाऱ्या सात शब्दांची यादी सोबत जोडली आहे.”

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण बाकीचे वाचताना मन स्थिर हवे. शिक्षण सोडू नका. जी मुलगी आपल्या तोंडून एक अक्षर चुकले म्हणून रात्रभर जागी राहते आणि सकाळी उठून त्या शब्दाचे मूळ विचारायला कागद-पेन घेते, तिची रुग्णसेवेला गरज आहे. राहिला माध्यमाचा प्रश्न. ज्या शब्दांनी तुम्हाला अडवले आहे ते इंग्रजीचे घरचे शब्द नाहीत. ते ग्रीक आहेत, आणि इंग्रजी माध्यमातून आलेली तुमची वर्गमैत्रीणही ते शब्द परकेच म्हणून पाठ करीत असते. उलट, हे उत्तर वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की या दोन उपसर्गांच्या बाबतीत मराठी बोलणारी मुलगी थोडी पुढेच उभी आहे.

तुमची चूक मला इतकी जवळची का वाटली, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या आषाढी एकादशीची गोष्ट आहे. माझे थोरले बंधू इन्सुलिनवर होते आणि कोणाचेही न ऐकता त्यांनी सकाळचे इंजेक्शन घेऊन दिवसभर कडक उपवास केला. दिवेलागणीला ते ओसरीवर बसले असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि ते असंबद्ध बोलू लागले. पुतण्याने तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून “हायपो झालं असणार, लगेच…” एवढेच ऐकू आले आणि रेंज गेली. मी आयुष्यभर भाषा शिकवली होती, तरी त्या क्षणी माझ्या कानाने फक्त ‘हाय’ पकडले. ‘हाय’ म्हणजे साखर वाढली, असे समजून वहिनींनी आणलेला साखरेच्या दुधाचा पेला मी स्वतःच्या हाताने बाजूला सारला. गावातल्या उपकेंद्राच्या नर्सबाई दहा मिनिटांत आल्या, त्यांनी बोटाला सुई टोचून पट्टी यंत्रात घातली, आकडा आला ४८, आणि बंधू अजून शुद्धीवर आहेत व गिळू शकतात याची खात्री करून त्यांनी चार चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा साखर वर आली होती. हात धुता धुता त्या मला म्हणाल्या, “गुरुजी, हायपो म्हणजे कमी. वर गेली की हायपर.”

त्या वाक्यातील ‘वर’ आणि ‘पर’ यांचे यमक केवळ योगायोगाचे आहे असे मला त्या दिवशी वाटले. पुढे शोध घेतला तेव्हा कळले की नर्सबाईंनी नकळत त्या शब्दाची वंशावळच सांगितली होती. तीच तुम्हाला सविस्तर सांगतो.

ग्रीक भाषेतील मूळ शब्द ‘हुपो’ आणि ‘हुपेर’ असे आहेत. ‘हुपो’ म्हणजे खाली, आणि ‘हुपेर’ म्हणजे वर किंवा पलीकडे. ग्रीक भाषेचा एक नियम असा की शब्दाच्या आरंभी ‘उ’ हा स्वर आला की त्याच्याआधी श्वासाचा एक ‘ह’ हमखास उच्चारला जायचा. हा ‘ह’ अर्थाचा भाग नसून केवळ उच्चाराची सवय आहे, जशी आपल्याकडे काही जणांना शब्दाच्या आरंभीच्या ‘ए’ला ‘ये’ म्हणण्याची असते. पुढे रोमन लोकांनी हे शब्द लॅटिन लिपीत लिहिताना त्या ग्रीक ‘उ’साठी ‘वाय’ हे अक्षर योजले, आणि इंग्रजांनी त्या ‘वाय’चा उच्चार ‘आय’ केला. अशा रीतीने ‘हु’चा ‘हाय’ झाला. उंच या अर्थाचा इंग्रजी ‘हाय’ आणि हा ‘हाय’ यांचे कसलेही नाते नाही. तुमच्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. दोन्ही शब्दांत सारखाच असलेला ‘हाय’ हा भाग अर्थाच्या दृष्टीने रिकामा आहे, आणि तुमचा कान नेमका त्यावरच विसंबतो आहे. अर्थ आहे तो शेपटीत, म्हणजे ‘पो’ आणि ‘पर’ यांत.

आता ग्रीकांच्या सवयीचा तो ‘ह’ काढून टाका. काय उरते? ‘उपो’ आणि ‘उपेर’. संस्कृतात यांचीच भावंडे आहेत ‘उप’ आणि ‘उपरि’. ही कानाला भुलवणारी वरवरची जवळीक नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एखाद्या एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या उगमातून निघाल्या असाव्यात असे मांडले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी ध्वनींचे नियम बारकाईने लावून हे नाते सिद्ध केले. ‘उप’ आणि ‘हुपो’, तसेच ‘उपरि’ आणि ‘हुपेर’ या त्या नात्यातील अगदी निर्विवाद जोड्या आहेत. लॅटिनमध्ये त्यांचीच रूपे ‘सब’ आणि ‘सुपर’ अशी आहेत, आणि इंग्रजीतील ‘ओव्हर’ हा शब्दही ‘उपरि’च्याच कुळातला आहे.

‘उपरि’ हा शब्द तुम्हाला पोथीतला वाटेल, पण तो तुमच्या तोंडात दिवसातून शंभर वेळा येतो. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘प’चा ‘व’ झाला, जसा ‘दीप’चा ‘दिवा’ झाला आणि ‘कपाट’चे ‘कवाड’ झाले. ‘उपरि’चे ‘उवरि’ झाले, मग आरंभीचा ‘उ’ गळाला, ‘वरि’ उरले, आणि आजच्या मराठीत ते झाले ‘वर’. वारकरी विठोबाला ‘विटेवरी उभा’ म्हणतात, त्या ‘वरी’त हे जुने रूप अजून जवळजवळ जसेच्या तसे टिकून आहे. म्हणजे ‘हायपर’मधला ‘पर’ आणि मराठीतला ‘वर’ हे एकाच आजीचे नातू आहेत. ‘पर म्हणजे वर’ हे ध्यानात ठेवण्यासाठी रचलेले कृत्रिम यमक नव्हे. ते शब्दशः खरे आहे, आणि म्हणूनच एकदा समजले की ते विसरणे अवघड जाते.

आरंभीचा ‘उ’ गळण्याची गोष्ट तुम्हाला ओढूनताणून आणलेली वाटू नये म्हणून आणखी एक शब्द दाखवतो. आपल्या भागात पाहुणा दारात आला की आपण ‘बैस’ म्हणतो. हा ‘बैस’ संस्कृत ‘उपविश’पासून आला आहे. त्याचाही ‘उ’ गळाला, ‘प’ आणि ‘व’ एकमेकांत मिसळले, आणि ‘उपविशति’चे ‘बैसतो’ झाले. ‘उपाध्याय’चे ‘पाध्ये’ झाले तेही असेच. ज्या ‘हायपो’ने तुमची झोप उडवली त्याचा चुलत भाऊ तुमच्या आजीच्या ‘बैस गं’ या दोन शब्दांत लपून बसला आहे.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी, नाहीतर माझ्या सांगण्यातून नवाच घोटाळा व्हायचा. दोन भावंडे एका घरात जन्मली तरी त्यांचे स्वभाव सारखे असतात असे नाही. ग्रीकमधील ‘हुपो’चा मुख्य अर्थ ‘खाली’ असा स्थिरावला, तर संस्कृतातील ‘उप’चा मुख्य अर्थ ‘जवळ’ असा झाला. उपवास म्हणजे देवाजवळ राहणे, उपनिषद म्हणजे गुरूजवळ बसणे. मात्र ‘उप’ला दुसराही एक अर्थ आहे, तो म्हणजे दुय्यम, हाताखालचा, पायरीने खालचा, आणि तो ‘हायपो’च्या फार जवळ जातो. उपसरपंच, उपजिल्हाधिकारी, उपजिल्हा रुग्णालय, हे शब्द तुम्ही रोज वाचता. मांजरा ही गोदावरीची उपनदी आहे असे आपण म्हणतो तेव्हाही हाच अर्थ असतो. ‘हायपो’ ऐकल्यावर मनात ‘उपवास’ न आणता ‘उपसरपंच’ आणा, म्हणजे तो पायरीने खालचा आहे हे आपोआप समोर येईल.

तुमच्या खेड्यात आरोग्य उपकेंद्र असेल, तर सुट्टीत घरी गेल्यावर त्याच्या पाटीसमोर क्षणभर उभ्या राहा. ‘उपकेंद्र’ या एका शब्दात भाषांच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी नांदत आहेत. त्यातील ‘उप’ हा ग्रीक ‘हुपो’चा सख्खा चुलत भाऊ आहे. तो कोणी कोणाकडून घेतला नाही, दोघांनाही तो वाडवडिलांकडून मिळाला. ‘केंद्र’ची गोष्ट निराळी आहे. तो शब्द आपण खरोखर ग्रीकांकडून घेतला. मूळ ग्रीक शब्द ‘केन्ट्रॉन’, म्हणजे टोचणारे टोक. बैलाला टोचण्याच्या पराणीलाही ग्रीक लोक तोच शब्द वापरीत. वर्तुळ काढताना कंपासाचे टोक जेथे रुतते तो बिंदूही मग ‘केन्ट्रॉन’ झाला, आणि ज्योतिषगणिताच्या वाटेने तो शब्द संस्कृतात ‘केंद्र’ होऊन आला. वराहमिहिराच्या काळापर्यंत, म्हणजे सहाव्या शतकात, तो पुरता रुळला होता. ‘होरा’ हा शब्दही त्याच वाटेने आला. गावातले लोक त्याच इमारतीला ‘सब सेंटर’ म्हणतात. आता तुम्हीच पाहा, ‘सब’ हा ‘उप’चा लॅटिन भाऊ आणि ‘सेंटर’ म्हणजे पुन्हा तोच ‘केन्ट्रॉन’. पाटीवर लिहिलेले आणि लोकांच्या तोंडचे, दोन्ही शब्द अर्ध्याला अर्धे जुळतात.

ग्रीकांशी आपल्या प्रदेशाचा व्यवहारही जुनाच आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात माल पाठवणाऱ्या दोन मोठ्या गावांची नावे येतात, एक आपले पैठण आणि दुसरे ‘तगर’, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पण म्हणून ‘उप’ हा शब्द बैलगाडीतून पैठणला उतरला असे समजू नका. ‘उप’ आणि ‘हुपो’ यांची फारकत त्या व्यापाराच्याही कितीतरी आधीची आहे.

आता ‘हायपो’च्या अर्थाकडे थोडे अधिक काळजीपूर्वक पाहू, कारण वैद्यकात त्याचे दोन अर्थ चालतात आणि शिकवताना ते बहुधा वेगळे करून सांगितले जात नाहीत. पहिला अर्थ जागेचा. त्वचेच्या खाली दिले जाणारे ते हायपोडर्मिक, आणि मेंदूतील थॅलॅमसच्या खाली असणारा तो हायपोथॅलॅमस. दुसरा अर्थ मापाचा, म्हणजे असायला हवे त्याहून कमी, जसे हायपोग्लायसेमिया. मापाच्या अर्थी ‘हायपो’ची विरुद्ध बाजू ‘हायपर’ असते, पण जागेच्या अर्थी ती बहुतेक वेळा ‘एपि’ असते. पोटाच्या नऊ भागांची आकृती तुम्ही पहिल्या वर्षी काढली असेल. तीत मधल्या रांगेत वर एपिगॅस्ट्रिक आहे आणि खाली हायपोगॅस्ट्रिक. तेथे ‘हायपरगॅस्ट्रिक’ असा शब्द नाही. त्वचेच्या थरांतही वरचा थर एपिडर्मिस आणि खालचा हायपोडर्मिस. या ‘एपि’चा भाऊ संस्कृतातील ‘अपि’ आहे, जो ‘तथापि’ आणि ‘कदापि’ यांत आपल्याला भेटतो. शब्द समोर आला की आधी स्वतःला विचारा, येथे जागेची गोष्ट चालली आहे की मापाची? पुष्कळसा गुंता तेथेच सुटतो.

हाच उपसर्ग तुम्ही नर्सिंगला येण्याच्या कितीतरी आधी भूमितीत पाहिला आहे. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाला इंग्रजीत ‘हायपोटेन्यूज’ म्हणतात. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘खालून ताणलेली’, म्हणजे काटकोनाच्या खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली बाजू. त्यातील ‘ताणणे’ हा ग्रीक धातू आणि आपला ‘तन्’ धातू एकच, आणि आपला ‘ताण’ त्याच कुळातला.

या ताणाने आपण तुमच्या यादीकडे येतो. ‘हायपोटेन्शन’मध्ये ‘हायपो’ ग्रीक आणि ‘टेन्शन’ लॅटिन आहे, आणि ते ‘टेन्शन’ही ‘तन्’च्याच घराण्यातले. रक्तवाहिन्यांवरचा ताण हवा त्याहून कमी, सर्वसाधारणपणे ९०/६० च्या खाली, म्हणजे हायपोटेन्शन. ‘हायपोथर्मिया’ पाहा. ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण, त्याचा संस्कृत भाऊ ‘घर्म’, आणि ‘घर्म’चा मराठी नातू ‘घाम’. संस्कृतात ‘घर्म’ म्हणजे आधी ऊन, उष्णता, आणि मग तिच्यामुळे येणारा घाम. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. नवजात बाळाला तुम्ही कपड्यात गुंडाळून आईच्या छातीशी देता, ते याच्यापासून त्याला वाचवण्यासाठी.

‘हायपोथायरॉइड’ हा माझ्या विशेष आवडीचा शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘थुरा’ म्हणजे दार, आणि तो संस्कृत ‘द्वार’चा, म्हणजेच आपल्या ‘दारा’चा भाऊ. दारासारखी लांबट, उभी ढाल असे तिला ग्रीक लोक ‘थुरेओस’ म्हणत. गळ्यातील ढालीच्या आकाराची कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, ती थायरॉइड, आणि तिच्यालगतच्या ग्रंथीला इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांनी १६५६ साली तेच नाव दिले. त्या ग्रंथीचे काम मंदावले की हायपोथायरॉइड. गळ्यावर बोट ठेवून एकदा ‘दार’ असे मनात म्हणा, हा शब्द पुन्हा परका वाटणार नाही.

‘हायपोकॉन्ड्रियाक’ हा जागेचा शब्द आहे. ‘खोन्ड्रोस’ म्हणजे कूर्चा, येथे बरगड्यांच्या टोकाची. तिच्या खालची जागा ती ही, उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा. मनाची उदासी पोटाच्या याच भागातून उगवते अशी जुन्या वैद्यांची समजूत होती, म्हणून सतत आपल्याला काहीतरी आजार जडला आहे असे वाटण्याच्या अवस्थेलाही पुढे हेच नाव चिकटले. ‘हायपोक्सिया’त ‘हायपो’चा ‘ओ’ पुढच्या ‘ऑक्सि’त विरून गेला आहे, जसे आपल्याकडे संधी होताना ‘उप’ आणि ‘ईक्षा’ मिळून ‘उपेक्षा’ होते. शरीराच्या पेशींना प्राणवायू कमी पडणे, एवढा त्याचा अर्थ. ‘हायपोग्लायसेमिया’त तीन तुकडे आहेत: ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड, आणि शेवटचा ‘एमिया’ हा ‘हाइमा’, म्हणजे रक्त, यापासून आलेला. रक्तात गोड कमी. एक डेसिलिटर रक्तात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तो हायपो, आणि ५४ च्या खाली गेली की गंभीर, हे आकडे तुम्हाला शिकवले असतीलच.

फरशीच्या औषधाचा प्रश्न उरला. वॉर्डातील कॅनमध्ये असते ते सोडियम हायपोक्लोराइट, आणि त्याचे नाव घाईत तोडून सगळे ‘हायपो’ म्हणतात. येथेही ‘हायपो’चा अर्थ ‘कमी’ असाच आहे, फक्त ते कमीपण प्राणवायूच्या अणूंचे आहे. क्लोराइटमध्ये क्लोरिनच्या एका अणूसोबत प्राणवायूचे दोन अणू असतात, हायपोक्लोराइटमध्ये एकच. जुन्या फोटो स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोलीतही एक ‘हायपो’ होता, तो याहून निराळा. जॉन हर्शेल यांना १८१९ साली असे आढळले होते की त्या क्षारात चांदीचे क्षार विरघळतात, आणि १८३९ मध्ये फोटो कायम करण्यासाठी त्याचा उपयोग सुरू झाला. त्याला आज सोडियम थायोसल्फेट म्हणतात, पण त्याचे जुने नाव ‘हायपोसल्फाइट’ असल्यामुळे फोटोग्राफर त्याला शेवटपर्यंत हायपोच म्हणत राहिले.

एकाच वॉर्डात ‘हायपो आणा’ म्हणजे कॅन, आणि ‘पेशंट हायपोत गेला’ म्हणजे साखर उतरली, ही परिस्थिती मला धोक्याची वाटते, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासापलीकडचा एक सल्ला आग्रहाने देतो. रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या हवाली करताना केवळ ‘हायपो’ किंवा ‘हायपर’वर कधीही विसंबू नका. आकडा सांगा, आणि मराठीत ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हा शब्द त्याला जोडा. “सात नंबर, साखर ५८, कमी आहे, पंधरा मिनिटांपूर्वी साखर-पाणी दिले,” असे म्हटल्यावर चूक व्हायला जागाच राहत नाही, आणि ऐकणाऱ्या सिस्टरांना तेच परत उच्चारायला लावले तर अधिक चांगले. कागदावर शब्द पूर्ण लिहा, तोडून लिहू नका. ही दोन नावे तुमच्यासारख्या शिकाऊ मुलीच्याच नव्हे तर अनुभवी माणसाच्या कानालाही फसवतात, कारण त्यांचा फरक शब्दाच्या शेवटच्या अक्षरात आहे आणि गडबडीत शेवटचे अक्षर सर्वांत आधी हरवते. नातेवाइकांशी बोलताना तर हे शब्द वापरूच नका. फोनच्या पलीकडे त्या संध्याकाळी कोणी “साखर उतरली आहे, गोड पाजा” असे म्हटले असते, तर माझा हात त्या पेल्याकडे वेगळ्या रीतीने गेला असता. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता त्याला तातडीने रुग्णालयात न्यायचे, हेही त्यांना मराठीतच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

पाठांतराची पद्धतही थोडी बदला. वहीच्या पानावर शब्द आणि त्याचा अर्थ अशा दोन ओळी लिहून घोकण्याऐवजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहा, उभ्या रेघांनी त्याचे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचा मराठी सोबती लिहा. हायपर, वर. थर्म, घाम. थायरॉइड, दार. टेन्शन, ताण. सगळ्याच शब्दांना असे सोबती सापडणार नाहीत, आणि जेथे सापडत नाहीत तेथे ओढून आणू नका. कानाला सारखा लागणारा प्रत्येक शब्द नातेवाईक नसतो, हे ‘हाय’नेच आपल्याला शिकवले आहे. त्याचेच दुसरे उदाहरण म्हणजे ‘हिपोक्रॅटिस’. त्या वैद्याच्या नावातील ‘हिपो’ आणि पाणघोड्याच्या ‘हिपोपोटॅमस’ या नावातील ‘हिपो’ म्हणजे ‘घोडा’, आपल्या ‘अश्व’चा भाऊ, आणि त्याचा ‘हायपो’शी संबंध नाही. मेंदूतील ‘हिपोकॅम्पस’ही घोड्याच्याच घरातला, हायपोथॅलॅमसच्या नव्हे.

तुमच्या यादीतील सातवा शब्द, ‘हायपोग्लॉसल’, मी मुद्दाम हातचा राखून ठेवला आहे. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांपैकी ती बारावी नस. ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. येथे जागेची गोष्ट आहे की मापाची, ती नस कोठून जाते आणि कशाला हलवते, हे शब्दाचे तुकडे करून तुम्हीच लिहा आणि पुढच्या पत्रात मला कळवा.